आमची सोय

२ मार्च, रविवार

काल पोचलो. झोपून उठलो तेव्हा खिडकीबाहेर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळेना. हिला विचारलं तर म्हणाली, "आधी चहा होऊ दे, मग सांगते." तिलाही कळलं नव्हतं.

ठकी विमानतळावर आली होती. चाळिशीला टेकली तरी आमची लेक मला ठकीच. वाळली आहे. कामाचा ताण आहे म्हणाली. जावई आले नव्हते, कामासाठी बाहेरगावी आहेत. मला चुटपुट लागली. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यांच्याशी काय काय बोलायचं तेच मी ठरवत आलो होतो. ते स्थळ मीच शोधलेलं. आमचं दोघांचं चांगलं गूळपीठ आहे. ही तर म्हणते, हे सासरा-जावई नव्हेत, शाळेतले बाकावरचे सोबती आहेत.

घर पहिल्या मजल्यावर. ठकीच्या घरापासून बसने जवळच. तिनेच शोधलं आणि तिनेच लावून ठेवलं, अगदी चमच्यांपर्यंत. तिकडे सगळ्यांना सांगून आलो की म्हातारपणाची सोय करायला लेकीजवळ चाललोय. हातपाय धड आहेत तोवर जाऊ, नाहीतर उद्या तिलाच आपल्यासाठी तिकडे धावाधाव करावी लागेल, ही कल्पना हिची. हिची असावी याचंच मला नवल. गच्चीतल्या कुंड्या सोडून ही कधी दोन दिवस बहिणीकडे राहिली नाही आणि आता सगळ्या कुंड्या शेजारी वाटून मोकळी झाली.

झोपायच्या खोल्या दोन आहेत. आम्ही माणसं दोन. दुसरी खोली कशाला?

"पाहुणे येतील," ही म्हणाली.

इथे आम्हाला ओळखतं कोण?

माझी सगळी नोकरी वीज मंडळात झाली. बिघाड कुठे झाला ते शोधायचं आणि नोंद करायची, हेच काम. आता नोंदवण्यासारखं काही उरलं नाही, पण हाताला सवय आहे. म्हणून हे.

५ मार्च, बुधवार

आज फजिती झाली.

कचरा टाकायला खाली गेलो. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे. दुधाचा खोका निळ्यात की हिरव्यात, यावर विचार करून दोन्हीत डोकावलो आणि शेवटी खोका परत वर घेऊन आलो. तोवर दार लागलं होतं. इथली दारं आपणहून लागतात. किल्ली आत, ही न्हाणीघरात, आणि मी लेंग्यावर, हातात खोका. घंटी दाबली, वाजली नाही. बहुधा आतली जोडणी सैल आहे, उद्या उघडून बघतो.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या दारावरच्या थापा ऐकून मला त्यांच्या घरात घेतलं. वयाने माझ्याएवढ्या असतील. घरात एक जाड पिवळं मांजर आहे, त्याने लगेच माझ्या मांडीचा ताबा घेतला. बाईंना आपली भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही, पण हातवाऱ्यांनी बरंच बोलणं झालं. त्यांनी वर बोट दाखवलं, मग खांद्याएवढी उंची दाखवली, म्हणजे ठकी. मी मान हलवली, माझी मुलगी, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. मग त्या जिन्याकडे बोट दाखवून पायरीवर बसल्यासारख्या बसल्या आणि डोळ्यांखाली बोटांनी रेघा ओढल्या. पुन्हा ओढल्या. माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी उत्तर द्यावं.

मांजराच्या केसांनी डोळ्यांतून पाणी येतं काही जणांच्या. बाईंना तो त्रास असावा. मी हळहळ दाखवली आणि डोळ्यांत थेंब टाकायची खूण केली. त्या गोंधळल्या. मग त्यांनी मला बिस्किट दिलं.

हिने हे ऐकलं तेव्हा हसली नाही. एरवी लेंग्यावरून महिनाभर हसली असती.

९ मार्च, रविवार

घंटी दुरुस्त केली. गरम पाण्याचा नळ डावीकडे की उजवीकडे हे न्हाणीघरात एक आणि स्वयंपाकघरात वेगळं आहे. हात भाजला.

जावयांचा पत्ता नाही. एवढं लांबलचक काम कसलं?

११ मार्च, मंगळवार

ठकी रोज येते. ऑफिस सुटलं की सरळ इकडे. जेवते, आईशी गुजगुजते, मी खोलीत गेलो की दोघी गप्प होतात. आठवड्यातून तीन-चारदा राहतेच. दुसऱ्या खोलीत तिची उशी आली, मग रजई, काल टेबलावरचा दिवाही आणला. आमच्या काळजीपोटी पोरीने स्वतःच्या संसाराकडे पाठ फिरवावी हे मला पटेना. आम्ही काय अंथरुणाला खिळलोय?

आज जेवताना मी विषय काढलाच.

"ठके, तू रोज इथे कशाला राहतेस? आम्हाला काही होत नाही. तुझं घर आहे ना."

ती भात कालवत होती. म्हणाली, "असू दे बाबा. बरं वाटतं इथे."

"तुला बरं वाटतं, पण जावयांचं काय? दमून-भागून माणूस बाहेरगावाहून येणार आणि घराला कुलूप. हे काय बरं दिसतं?"

हिने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मला वाटलं आमटी सांडली की काय शर्टावर.

"आई-बापाची ओढ असावी," मी म्हणालो, "पण लग्न झालेल्या मुलीने आपलं घर सांभाळावं. तू आज घरी जा बघू."

ठकीने ताट उचललं, धुऊन ठेवलं, कोट घातला. "येते," म्हणाली आणि गेली. मी खिडकीतून पाहिलं. गाडीत बसली, पण गाडी बराच वेळ हलली नाही. थंडीत इंजिन लवकर सुरू होत नसेल.

एक काम मार्गी लागलं म्हणून मला हायसं वाटत होतं. मागे वळलो तर ही जेवण अर्धं टाकून उठली होती.

१२ मार्च, बुधवार

ही बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. मीही बोललो नाही.

१५ मार्च, शनिवार

ठकी परवापासून पुन्हा येते आहे. हिने फोन करून बोलावलं. मला सक्त ताकीद की घर, संसार, जावई यांतला एक शब्द काढायचा नाही. का, ते सांगत नाही. "तुम्ही फक्त घंट्या दुरुस्त करा," म्हणाली. घंटी एकच होती आणि ती दुरुस्त झाली.

म्हणून आज ही खाली भाजी आणायला गेल्यावर मी जावयांनाच फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"बाबा," ते म्हणाले आणि थांबले.

"अहो जावईबापू, आम्हाला इथे आणलंत आणि तुम्हीच गायब. कोणत्या गावी आहात?"

"मी... इथेच. म्हणजे जवळच. तुम्ही कसे आहात? आईंचे गुडघे?"

"गुडघे आहेत. कधी येताय ते सांगा. मला ह्या वॉशिंग मशीनचं एक बटण समजावून हवंय. कपडे आत कोंडले जातात."

ते हसले, पण ते हसणं मला ओळखीचं वाटलं नाही. "बाबा, त्याचं दार लगेच नाही उघडत. जरा थांबायचं. आपोआप उघडतं."

मग विचारलं, "तिची तब्येत कशी आहे?"

"कोणाची, हिची?"

"नाही. तिची."

आता आपल्या बायकोची तब्येत माणूस सासऱ्याला विचारतो का? मी म्हटलं, "वाळली आहे, तुम्हीच आल्यावर बघा." पलीकडे काहीच आवाज आला नाही. लाईन गेली असेल. इथे लाईन सहसा जात नाही, पण जाऊ शकते.

मशीनचं मात्र बरोबर निघालं. थांबलो, उघडलं.

२२ मार्च, शनिवार

आज एकट्याने बसमध्ये बसून ठकीच्या घरी गेलो. कोणाला सांगितलं नव्हतं. हिने केलेली भाजी डब्यात भरली आणि निघालो. बायको रागावल्यावर मी जसा गप्प असतो तसा बसचा चालक गप्प होता. मी पत्ता लिहिलेला कागद दाखवला, त्याने योग्य थांब्यावर मान वळवून मला उतरवलं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ठकीने दार उघडलं आणि आत येऊ द्यायला जरा वेळ लावला. दाराची चौकट धरूनच उभी राहिली.

मागे फोनवरच्या व्हिडिओत हे घर पाहिलं होतं, भरलेलं. आज बैठकीची खोली मोकळी. सोफा होता तिथे फरशीवर उजळ चौकोन. भिंतीवर टीव्ही होता तिथे नुसत्या खुंट्या आणि लोंबणारी वायर.

"सोफा कुठे गेला?"

"जुना झाला होता. काढला."

"आणि टीव्ही?"

"बिघडला."

"मला नाही का सांगायचं, मी बघितला असता." मी वायरीच्या टोकाला टेप लावायला सांगितलं, उघडी होती. कपाटाचं एक दार उघडं होतं, आत नुसते हँगर. आतल्या लहान खोलीशी गेलो तर ती म्हणाली, "बाबा, तिथे नको, पसारा आहे." पण तोवर मी डोकावलो होतो. पसारा कसला, खोली रिकामी. एक भिंत अर्धी पिवळी, फिकट पिवळी, आणि उरलेली पांढरी. कोपऱ्यात रंगाचा डबा.

तेव्हा उलगडा झाला. रंगकाम चाललंय, म्हणून सामान हलवलंय, म्हणून ती आमच्याकडे झोपते. रंगाचा वास तिला लहानपणापासून सोसत नाही. एवढंच होतं तर सांगायला काय झालं होतं? उगाच मी तिला त्या दिवशी बोललो.

"पिवळा बरा निवडलास," मी म्हणालो.

"आवडला होता," ती म्हणाली.

"रंगारी मध्येच का सोडून गेला?"

ती डबा उघडून भाजी भांड्यात काढत होती. पाठमोरी होती. म्हणाली, "गेला खरा."

परत येताना बसमध्ये एक गोष्ट खटकत राहिली. घरात रंगाचा वास अजिबात नव्हता. डब्याच्या झाकणावर धूळ होती.

२६ मार्च, बुधवार

ही न्हाणीघरात पाणी सोडून रडत होती. नळाचा आवाज होता, पण इतक्या वर्षांच्या संसारात नळ कोणता आणि बायको कोणती एवढं कळतं.

बाहेर आल्यावर मी समोर बसवलं. "अगं, तुला इथे करमत नाही. मला दिसतंय ते. तुझ्या कुंड्या, तुझ्या मैत्रिणी, सगळं तिकडे. आणि आपल्यापायी ठकीच्या घराचीही ओढाताण होते आहे. सोय करायला आलो आणि सगळ्यांची गैरसोय झाली. आपण परत जाऊ. मी आजच तिला तिकिटाचं सांगतो."

ही इतकी दचकली की मला भीती वाटली.

"तिला असलं काही सांगू नका."

"का?"

"सांगू नका म्हणते ना. तुम्हाला जायचं तर तुम्ही जा. मी नाही येणार."

लग्न झाल्यापासून हिने मला "तुम्ही जा" असं कधी म्हटलं नव्हतं. साधा बाजारात एकट्याने गेलो तरी मागून पिशवी घेऊन यायची. आणि आता परक्या देशात, जिथे हिला दुकानात मीठ मागता येत नाही, तिथे माझ्यावाचून राहायला तयार आहे.

बिघाड आहे हे नक्की. कुठे आहे ते सापडत नाही. पहिल्यांदा वाटलं जावयांची नोकरी गेली असेल आणि लाजेने तोंड दाखवत नसतील. मग वाटलं हिलाच काही आजार निघालाय आणि उपचारासाठी मला फसवून इथे आणलंय. हिची औषधं तपासली. तीच नेहमीची, रक्तदाबाची.

संध्याकाळी ठकी आली. तिकिटाचं मी बोललो नाही. पण दोघी एकमेकींकडे पाहत होत्या आणि मग दोघी माझ्याकडे, घरात एखादा फटाका ठेवल्यासारख्या.

३१ मार्च, सोमवार

दिवसभर ढग. खालच्या बाईंनी मांजर दाखवायला वर आणलं. आता त्यांचे डोळे बरे दिसतात.

३ एप्रिल, गुरुवार

जावई भेटले. जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

न्हाणीघरातला दिवा गेला म्हणून बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गेलो होतो. दिव्यांच्या फळीपुढे एक माणूस पाठमोरा उभा होता, हातात बल्ब उलटसुलट करून बघत. ती मान मी कुठेही ओळखली असती.

"हा नका घेऊ, ह्याचं टोक जाड आहे, बसणार नाही," मी मागून म्हणालो.

ते वळले. दाढी वाढलेली. मला पाहून पाया पडायला वाकले आणि तिथेच, दुकानात, मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या टोपलीत एक ताट होतं, एक पेला, एक छोटी कढई. मी म्हटलं, हे काय, भातुकली मांडताय का? त्यांनी टोपली मागे सरकवली.

शेजारी चहा-कॉफीचं दुकान होतं. ओढतच नेलं त्यांना. बसल्या बसल्या विचारलं, "परत कधी आलात?"

"बाबा, मी कुठे गेलोच नव्हतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला सांगितलेलं नाही का? मला वाटलं... आईंना तर सगळं माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

ते कपाचा कान फिरवत राहिले. "आम्ही वेगळे झालोय बाबा. गेल्या पावसाळ्यानंतर मी दुसरीकडे राहायला गेलो. कायदेशीर जे असतं तेही आता झालं. पुढच्या शनिवारी त्या घराची किल्ली परत द्यायची आहे."

मी म्हणालो, "भांडण झालं असेल. भांडणं होतात. तुम्ही आज चला माझ्याबरोबर. समोरासमोर बसू, मी बोलतो ठकीशी."

"भांडण झालं असतं तर बरं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ठकीला दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी. पाचवा महिना लागला की आम्हाला कळवायचं, बाबांना आपण दोघं मिळून सांगू, असं त्यांचं ठरलं होतं. हे दौऱ्यावर असताना तिने फोन केला की काहीतरी बरं नाही, तुम्ही या. यांनी सांगितलं, उद्याची बैठक झाली की निघतो, तू डॉक्टरकडे जाऊन ये. बैठक लांबली. हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती दवाखान्यातून एकटीच टॅक्सीने घरी आली होती.

आम्हाला तेव्हा सांगितलं होतं की पोटाचं लहानसं ऑपरेशन आहे. ही त्या दिवसांत तासन्‌तास गच्चीत फोनवर बोलायची. मी आतून ओरडायचो की जेवण निवतंय.

"आल्यावर मी तिला काय म्हणालो माहीत आहे?" जावई म्हणाले. "म्हणालो, आपण पुन्हा बघू. मला धीर द्यायचा होता. बाबा, तेव्हापासून तिने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. मी त्या खोलीला पिवळा रंग देत होतो. अर्धी भिंत झाली होती. पुढचं द्यायला हात होईना, आणि ती म्हणाली की झाकूही नका."

मी तिला म्हणालो होतो, पिवळा बरा निवडलास.

त्यांचा हात टेबलावर माझ्या हातात होता. सोडावा की धरून ठेवावा, कळेना. हा माणूस मला आवडतो. माझी लेक कळवळत होती आणि हा बैठकीत बसला होता. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे, आणि हे डोक्यात कसं मावत असेल ते मला कोणी शिकवलेलं नाही.

उठताना ते म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बोललात हे तिला सांगू नका. किंवा सांगा. मला कळत नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो. योग्य टोकाचा बल्ब त्यांना घेऊन दिला. आमचा घ्यायचा विसरलो.

४ एप्रिल, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. ही खुर्चीत मागे टेकली, खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखी.

"मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही दुसऱ्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवलं असतंत. काल बसवायला निघालाच होतात ना."

"त्यात वाईट काय?"

"तिला नको होतं ते." मग म्हणाली, "मी म्हटलं होतं तिला, बाबांना सांगू या. तर म्हणाली, आई, नको, ते मला समजावतील."

ते मला समजावतील. सकाळपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. यात शिवी नाही, राग नाही. तरी एवढं लागलेलं मला दुसरं काही आठवत नाही.

"आणि म्हातारपणाची सोय म्हणालीस ती?"

"तसं म्हटलं नसतं तर तुम्ही निघाला असतात का?"

"लेकीला गरज आहे म्हटलं असतंस तर त्याच दिवशी निघालो असतो."

"हो," ही म्हणाली. "मिटवायला."

म्हणजे आम्ही आमची सोय बघायला आलोच नव्हतो. ठकीला घरात कोणीतरी हवं होतं, संध्याकाळी दिवा लागलेला हवा होता, म्हणून ही माझ्यासकट इथे येऊन बसली. दुसरी खोली पाहुण्यांची नव्हतीच. आणि त्या खोलीतून मी तिला कोट घालायला लावून घालवून दिलं.

"तिला सांगू का, मला कळलंय म्हणून?" मी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

हिने मला असं कधी विचारलेलं नाही. मला काहीच वाटेना.

७ एप्रिल, सोमवार

ठकी आली. ही फोनवर तिच्याशी बोलली असणार, कारण ती दारातच माझ्याकडे बघत उभी राहिली. मी किती वाक्यं जुळवून ठेवली होती. सगळी समजावण्याचीच निघाली. "होतं असं" हे एक. "अजून वय गेलं नाही" हे दुसरं. "तो माणूस वाईट नाही" हे तर अगदी ओठावर होतं. एकेक गिळलं.

म्हणालो, "बस. चहा करतो."

चहा मी केला. गुळचट झाला, तिने सगळा प्यायला. मग आम्ही दोघं बसून राहिलो. बोललो नाही. असं नुसतं बसणं फार कठीण आहे, हात कुठे ठेवावेत कळत नाही. तिला त्याने बरं वाटलं की वाईट, हेही मला कळलं नाही. जाताना म्हणाली, "बाबा, शनिवारी किल्ली द्यायला जायचंय. तुम्ही याल?"

"येतो," म्हणालो. हिला नाही, मला विचारलं.

१२ एप्रिल, शनिवार

किल्ली देऊन आलो.

घरमालकीण बाई आल्या, खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले. पिवळ्या भिंतीपाशी त्यांनी ठकीला काहीतरी विचारलं, बहुधा ही अशी का म्हणून. ठकीने एक वाक्य सांगितलं. बाईंनी पुढे विचारलं नाही. मी वायरीच्या टोकाला टेप लावली का ते तपासलं. लावली होती.

निघताना ठकी त्या खोलीच्या दारात थांबली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

परतीला ती गाडी चालवत होती, मी शेजारी. मागच्या सीटवर उरलंसुरलं सामान, एक घमेलं, दोन पडदे, पुस्तकांची पिशवी. चौकातल्या पेट्रोलपंपानंतर डावीकडे वळलं की आमचं घर. बसने जाऊन-येऊन एवढा रस्ता मला आता पाठ झाला आहे. पंप आला. ती वळली नाही. सरळ गेली.

तोंडाशी आलं होतं, ठके, वळण गेलं. तोंड मिटलं.

पुढे कधी न पाहिलेले रस्ते. गोदामं, एक शाळा, मग घरं संपली आणि दोन्ही बाजूंना मोकळी जमीन लागली. ती समोर बघून चालवत होती, डोळे कोरडे. आपण कुठे आहोत हे मला माहीत नव्हतं आणि तिलाही नसावं.

बऱ्याच वेळाने तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"मुलगी होती, बाबा," ती म्हणाली.

"हं."

"नाव ठरवलं होतं आम्ही."

"काय ठरवलं होतं?"

तिने सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. मी एकदा तोंडाने म्हणून बघितलं, नीट म्हणता येतं का ते. तेव्हा ती रडली. दोन्ही हातांनी चाक धरून, लहानपणी ताप आला की रडायची तशी, आवाज न दाबता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. जावयांचं, परत लग्नाचं, पुढच्या आयुष्याचं काही म्हणालो नाही. म्हणावंसं वाटलं, ते मान्य आहे.

नंतर तिने नाक पुसलं, इकडेतिकडे पाहिलं. "बाबा, आपलं वळण गेलं का?"

"गेलं असेल."

"तुम्हाला कळलं नाही?"

"बघू पुढे कुठे वळता येतंय का."

वळायला जागा मिळेपर्यंत आणखी बरंच पुढे जावं लागलं. परत येताना दोनदा चुकलो, तेव्हा खरंच चुकलो. एका ठिकाणी उतरून मी एका सायकलवाल्याला हातवाऱ्यांनी रस्ता विचारला. त्याने जे सांगितलं त्यातलं मला डावीकडे एवढंच कळलं, आणि तेही चुकीचं निघालं. ठकी हसली. थोडंसं, पण हसली.

घरी आलो तेव्हा ही दारात उभी होती. "अहो, जेवण कधीचं निवलं. कुठे होतात एवढा वेळ?"

"वाट चुकलो," ठकी म्हणाली आणि पुस्तकांची पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेली.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी बूट काढत होतो, खाली वाकलो होतो, ते बरं झालं.